फुलवात संपेपर्यंत

आवडाबाईला काळोखाचं काम मिळालं तेव्हा तिने पंचावन्नी गाठली होती. त्याआधीची बावीस वर्षं ती कोलशेतच्या वनस्पती संशोधन केंद्रात काचा धुवत होती. बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं, झाकणाच्या बशा. आधी साबण, मग अ‍ॅसिडचं नारिंगी पाणी, मग नळाखाली सात वेळा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. हातमोजे मिळत, पण ते आठवड्यात फाटत आणि नवे यायला महिना लागे. बोटांची कातडी सोलवटून निघे, पुन्हा येई, पुन्हा सोलवटे. घरी मासळी साफ करायला बसली की मिठाने हात असे चुरचुरत की विळी बाजूला सारून ती नुसती बसून राही.

"दे इकरं, मी करतो," नवरा म्हणे. नामाला तेवढा वेळ होताच. खाडीचं पाणी बिघडल्यापासून त्याची होडी किनाऱ्यावर पालथी पडली होती आणि घर आवडाबाईच्या नोकरीवर चाललं होतं.

शहाण्णव साली डोंबिवलीचा सुधीर पीएच.डी.साठी केंद्रात आला. बारीक, चष्मेवाला, जेवता जेवता वाचणारा. त्याला काळोखात वाढवलेली भाताची रोपं हवी होती. आठ दिवस, उजेडाचा एक कणही न लागलेली. गुप्तेबाईंनी, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक डॉ. गुप्ते यांनी, कॉरिडॉरच्या टोकाची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करून दिली. खिडक्यांना पत्रे ठोकले, फटींना काळी टेप लावली, दाराच्या आत जाड काळ्या कापडाचे दोन पडदे. पहिला मागे नीट पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आत हिरव्या कागदात गुंडाळलेला एक मिणमिणता बल्ब. हिरवा उजेड रोपाला जवळजवळ दिसत नाही, आणि माणसाला हात कुठे आहे एवढंच त्यात कळतं.

पहिली रोपं पंढरीने लावली. ती बुरशीने गेली. दुसरी लावली, ती एका बाजूला वीतभर आणि दुसऱ्या बाजूला बोटभर आली.

पंढरी प्रयोगशाळेतला हंगामी मदतनीस. दर वर्षी डिसेंबरात त्याच्या कामाचा कागद नव्याने निघायचा. तो दिवा गावाहून येई. स्टोअरमध्ये आणखी एक पंढरी होता, म्हणून याला सगळे नुसतं 'दिवा' म्हणत. 'दिवा आला का रे?' 'दिव्याला पाठव जरा.' त्याच्या चाळीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेसुद्धा आलं तर, म्हणून तो रोज संध्याकाळी केंद्रातून पाच लिटरचा कॅन भरून नेई. कोणी हटकलं तर म्हणे, "लोकांच्या दिव्याला तेल लागतं, आमच्या दिव्याला पाणी लागतं."

त्याच वेळी आवडाबाई काचा ठेवायला आली होती. ट्रेमधली ती वाकडीतिकडी रोपं बघून ती म्हणाली, "असा घट माझ्या घरात उगवला असता तर सासूनं मना खाडीत ढकललं असतं."

"घट?" सुधीरने विचारलं.

"नवरात्रात घट बसवतात ना. मातीत दाणं पेरायचं नि वर टोपली घालायची. रुजवण पिवळं धम्मक यायला लागतं. हिरवं झालं तर देवी आली नाय म्हणतात."

"तुम्ही दर वर्षी करता?"

"लग्न झाल्यापासून. छत्तीस वर्सं. एकदाबी हिरवं झालं नाय."

सुधीर तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने ट्रे आणि भाताची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. आठ दिवसांनी रोपं एका उंचीची, दाट, गालिच्यासारखी. गुप्तेबाईंनी हात फिरवून पाहिलं आणि खोलीची किल्ली आवडाबाईला दिली. देताना त्या म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. ही खोली ज्याच्या हातून एकदा उजळली, त्याच्याकडे किल्ली राहणार नाही. मग तो कोणीही असो."

काचा सुटल्या. सकाळी खोलीत जायचं, चाचपून ट्रे मोजायचे, बोटाच्या टोकाने ओल बघायची, पाणी द्यायचं. पाण्याचं माप नव्हतंच; दाणा बोटाला चिकटला पाहिजे पण बोट भिजता नये. तिच्या बोटांवर पहिल्यांदाच कातडी धरली.

सुधीरला बोलायची हौस. तो खलात रोपं कुटायचा आणि ती शेजारी स्टुलावर बसायची.

"मावशी, कोलशेत रोडवरची कुठलीही कंपनी घ्या. मधोमध ऑफिस. सगळ्या फाइली तिथे. पेशीतही तसंच ऑफिस असतं, त्याला केंद्रक म्हणतात. त्याच्या भिंतीला गेटं असतात. बारीकसारीक माल आपला आपण आत जातो. मोठ्या मालाला तसं जाता येत नाही."

"पास लागतो."

"बरोबर. अंगावर पास लागतो. आणि तो पास वाचून, हात धरून आत नेणारे हमाल वेगळे असतात. त्या हमालांचं नाव इम्पोर्टिन."

"मग तुमी हमाल मोजता?"

"हमाल नाही. हमालभरतीची ऑर्डर. रोप काळोखात असताना ऑफिसातून किती ऑर्डरी निघतात आणि उजेडात किती."

"कवा जास्त?"

"काळोखात. बरंच जास्त. आणि उजेड पडला की कमी."

"का?"

सुधीरने बत्ता थांबवला. "तेच तर ठाऊक नाही."

आवडाबाईने जरा विचार केला. "काळोखात गेट सापडाया माणसं जास्तच लागणार."

सुधीर एवढा हसला की पंढरी बाहेरून डोकावला.

ऑर्डरी मोजायची रीत वेळखाऊ होती. कुटलेल्या रोपांतून तो त्या वेगळ्या काढी, कागदासारख्या पातळ पडद्यावर चिकटवी, वर किरणोत्सारी खूण सोडी आणि एक्स-रेची फिल्म लावून चार-पाच दिवस थंडगार फ्रीझरमध्ये ठेवी. ऑर्डरी जास्त तिथे फिल्मवर काळाकुट्ट पट्टा, कमी तिथे पुसट. प्रत्येक गोष्ट तीनदा करून दाखवायची असा गुप्तेबाईंचा दंडक. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पहिली खेप झाली, गणपतीच्या आधी दुसरी. दोन्ही वेळा काळोखाचा पट्टा काजळासारखा. तिसरी जमली की प्रकरण पुरं, आणि डिसेंबरअखेर प्रबंध द्यायचा. सुधीरला मिळालेली मुदत तेव्हाच संपत होती. आवडाबाईची निवृत्ती मार्चमध्ये होती. उरलेले महिने काळोखात निघाले की झालं, एवढंच तिचं मागणं होतं. गुडघे दुखत, कंबर धरे. पण निदान हात धड होते.

तिसऱ्या खेपेची रोपं नवरात्रात आली. घरी घट, इथे ट्रे. सकाळी घरचा घट शिंपून ती कामावर येई आणि इथले ट्रे शिंपी. कंबर दोन्हीकडे तशीच वाकवावी लागे.

खंडेनवमीला पंढरीने हौसेने सगळ्या यंत्रांची पूजा मांडली. तराजूला झेंडूची माळ, सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू, फ्रीझरवर आंब्याचा टाळा. गुप्तेबाई त्या दिवशी कल्याणला घरी, सुधीर वाचनालयात. ताट घेऊन पंढरी काळ्या खोलीपाशी आला.

"मावशी, तुमच्या खोलीला काय?"

"बाहेरच कुंकू लाव दाराला."

त्याने लावलं आणि नारळ फोडायला निघून गेला. ताट तिथेच स्टुलावर राहिलं. त्यात एक निरांजन जळत होतं, तुपाची एकुलती फुलवात.

आवडाबाई बघत राहिली. घरच्या घटापुढे नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, तो विझू द्यायचा नाही. टोपलीखालच्या रोपांना तो दिसत नसे, पण असे. आणि ही इथली पोरं आठ दिवस काळोखात. त्यांना देवाचं नाव नाही, काही नाही. तीन वाजता कापायची, धुरकट द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची, दगड करायची. तिच्या मनात आलं, दोन वर्षं आपण ही वाढवतोय, पण यांचा रंग कधी डोळ्यांनी पाहिला नाही. हिरव्या बल्बखाली ती राखेसारखी दिसायची.

तिने निरांजन उचललं. पहिला पडदा, दुसरा पडदा. आत जाऊन ट्रेवरचं काळं झाकण काढलं.

पिवळं. हळदीचं पिवळं नव्हे, त्याहून कोवळं. ताज्या लोण्याच्या आतलं. टोकं किंचित वळलेली, जणू मान वर केलेली. तिने तीनदा ओवाळलं. मग तशीच उभी राहिली. फुलवात चरचरून संपली तेव्हा तिने झाकण घातलं आणि बाहेर आली. तीन वाजता सुधीर आला, दोघांनी हिरव्या उजेडात रोपं कापली. तिला काही सांगण्यासारखं वाटलंच नाही. देवाचा दिवा तो. बल्ब थोडाच लावला होता?

कोजागिरी झाली आणि तिसरी फिल्म धुऊन निघाली. काळोखाचा पट्टा पुसट. उजेडाच्या पट्ट्याच्या जेमतेम दुप्पट.

सुधीरने फिल्म खिडकीला धरली, उलटी करून धरली, डब्यांवरची नावं तपासली. उरलेल्या रोपांतून पुन्हा सगळं केलं. पाच दिवस. पुन्हा तेच. त्याचा डबा दुपारी तसाच परत जाऊ लागला. गुप्तेबाईंनी तीन फिल्म ओळीने ठेवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "तिसरी खोटी ठरवायला तुमच्याकडे कारण नाही. मग पहिल्या दोन खऱ्या कशावरून? हे प्रकरण काढून टाका."

"बाई, मग माझ्याकडे उरतं काय?"

"थोडं उरतं. पण जे उरतं ते खरं असतं."

आवडाबाई दाराशी रिकामे ट्रे घेऊन उभी होती. हे तिला सगळं कळलं नाही, पण फिल्म बघता बघता दोघांच्या तोंडी उजेड हा शब्द चारदा आला आणि तिला निरांजन आठवलं. त्या रात्री तिला झोप नव्हती. नामाने विचारलं, ती म्हणाली गुडघा दुखतो.

दोन आठवडे तिने काढले. सुधीर रोज नवं कारण शोधायचा: पाणी, तापमान, बियाणं, स्वतःचे हात. बियाण्याची पिशवी तर त्याने टेबलावर ओतून दाणा न् दाणा पाहिला. ती शेजारी बसून त्याला दाणे गोळा करू लागली. मार्चपर्यंत चार महिने. चार महिने पुन्हा त्या नारिंगी पाण्यात हात घालायचे. ते हात आता ऐकणार नव्हते.

शेवटी दिवाळीनंतरच्या सोमवारी, कॉरिडॉरमध्ये, सुधीर घाईने चालला असताना तिने अर्धवट सांगितलं. पूर्ण सांगायचा धीर झाला नाही.

"सुधीरभाऊ, खंडेनवमीला दिवा आत गेला हुता."

सुधीर थबकला. "काय? दिवा? आत?"

"हां. माझी चूक..."

पुढचं त्याने ऐकलंच नाही. तो तसाच तावातावाने प्रयोगशाळेत शिरला. आवडाबाईला वाटलं, चला, कळलं. भिंतीला हात टेकून ती खाली बसली. छातीवरचं ओझं जरा हललं.

आतून आवाज आला.

"दिव्या! काळ्या खोलीत कशाला गेलास तू?"

"कोन, मी?" पंढरीचा आवाज. "आई शप्पथ, मी पायरीपन ओलांडली नाय!"

"मावशींनी पाहिलंय."

"मावशी? मावशी असं बोलली?"

आवडाबाईला आता उलगडलं. तिने दिवा म्हणून निरांजन सांगितलं होतं, आणि सुधीरने पंढरी ऐकला होता. या इमारतीत दिवा म्हटलं की पंढरीच आठवायचा.

ती उठली, पण तोवर दोघं गुप्तेबाईंच्या खोलीत गेले होते. दार लोटलेलं. पाच मिनिटांनी पंढरी एकटाच बाहेर आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मावशी, मी काय वाकडं केलं तुमचं?" तो हळू म्हणाला. "डिसेंबरात माझा कागद निघायचाय. बाई म्हनतात विचार करावा लागेल."

"अरे..."

"त्या दिवशी ताट तुमच्याजवळ ठेवलं मी, माझ्या हातात नारळ हुता. असं कसं बोललात?"

त्याने कॅन उचलला आणि पाणी न भरताच तो निघाला. अजून चारसुद्धा वाजले नव्हते.

त्या क्षणी आवडाबाईला एक वाट अगदी सरळ दिसत होती. काही बोलायचं नाही. सुधीरला त्याचं कारण मिळालं होतं, त्याचं प्रकरण वाचलं होतं. खोली तिच्याकडेच राहिली असती. पंढरी तरुण होता, त्याला दुसरीकडे काम मिळालं असतं. हे सगळं तिने एकदा मनात मोजून पाहिलं, कारण ती फार दमली होती. मग पदराने तोंड पुसून तिने गुप्तेबाईंचं दार ढकललं.

"बाई, दिव्यानं झालं."

"ते कळलं आम्हाला. सुधीरने सांगितलं."

"तो दिवा नाय हो! निरांजन. देवाचं निरांजन. मी नेलं आत. पंढरी बाहेर हुता, त्याला ठावच नाय."

सुधीर टेबलापाशी उभा होता. तो हळूच खुर्चीत बसला. गुप्तेबाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही? झाकण काढलंत?"

"काढलं. ओवाळलं."

"किती वेळ?"

"फुलवात संपेपर्यंत."

"म्हणजे किती?"

आवडाबाईला सांगता येईना. उदबत्तीचा वेळ माहीत होता, भाताचा माहीत होता. फुलवात कोणी मोजत नाही. गुप्तेबाईंनी शेवटी तिलाच पूजेच्या डब्यातून एक फुलवात आणायला सांगितली, तुपात बुडवली आणि स्वतःचं घड्याळ समोर ठेवून पेटवली. तिघं त्या ज्योतीकडे बघत बसले. फोन वाजला, तो कोणी उचलला नाही. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

"आणि कापलीत कधी? तीनला? आणि दिवा नेलात कधी?"

"अकरा असतील."

"चार तास," सुधीर पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. "बाई, साडेसहा मिनिटं ज्योत, आणि चार तासांत एवढा फरक! ज्योतीत लाल उजेडच जास्त. रोपाला तेवढं पुरलं!" तो उठून उभा राहिला होता, डोळे चमकत होते, आणि मग त्याची नजर आवडाबाईवर गेली. "मावशी, चार आठवडे. तुम्ही माझ्यासोबत बसून दाणे निवडत होतात."

"व्हय," ती म्हणाली.

"मी त्या पोराला काय काय बोललो."

"व्हय."

गुप्तेबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "तिसरी खेप बाद, कारणासहित. पहिल्या दोन राहतील. तिसरी नव्याने करा, आणि सोबत एक ट्रे मोजलेल्या लाल उजेडाचा, साडेसहा मिनिटं. प्रबंधात निरांजन चालणार नाही. पंढरीशी मी उद्या बोलते, आणि तुम्हीही बोला, सुधीर. सगळ्यांसमोर बोललात, तर माफीही सगळ्यांसमोर मागा." मग त्या आवडाबाईकडे वळल्या. आवाज चढला नाही, मऊही झाला नाही. "किल्ली ठेवा."

आवडाबाईने कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती. सोडवायला वेळ लागला. तोवर गुप्तेबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काचा. तिसऱ्या दिवशी अंगठ्याजवळची कातडी फाटली. पंढरी आला, तिच्या शेजारच्या नळाखाली त्याने कॅन धरला.

"नीट तरी सांगायचं, मावशी," तो म्हणाला. "निरांजन म्हनायचं."

"जीभ वळली नाय रे."

"मला आता पंढरी म्हना. दिवा नावानं नोकरी जायची एक दिवस." कॅन भरला, त्याने नळ बंद केला, आणि तिच्या ढिगातल्या दहा-बारा बाटल्या स्वतःच्या बाजूला ओढून विसळायला घेतल्या.

खोलीची किल्ली सुधीरकडे होती. त्याने पेरलेल्या रोपांना चौथ्या दिवशी बुरशी आली. त्याने पुन्हा पेरली. डिसेंबर लागायला आठ दिवस होते. ही खेप गेली की पुढची बसतच नव्हती. पेरल्याच्या दुसऱ्या सकाळी तो मोरीपाशी येऊन उभा राहिला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नव्हता.

"पाणी किती देता तुम्ही?"

"माप नाय."

"तरी?"

"दाणा बोटाला चिकटला पायजे. बोट भिजता नये."

"मला कळत नाही ते आत. काही दिसतच नाही."

"दिसायचं नसतंच ते."

तो गुप्तेबाईंकडे जाऊन आला. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की मावशींनी आत जायचं नाही. बाहेर कोणी बसलं तर त्यांची हरकत नव्हती.

आवडाबाईने हात पुसले. स्टूल ओढून ती काळ्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. गुडघे कुरकुरले. आत पहिला पडदा सरकला, थांबला, मग दुसरा. तिने डोळे मिटले.

"झाकण काढलं," दारामागून सुधीरचा आवाज आला.

"डाव्या कोपऱ्यापासून घे. बोट टेकव नुसतं, दाबू नको. काय लागतंय?"

"गार लागतंय."

"गार नको सांगू. चिकटतंय का?"

आत ट्रे किंचित सरकला.

"चिकटतंय. म्हणजे... सुटतंय थोडं."

"मग अर्धी ओंजळ. वरून नको, कडेनं सोड."

आत पाण्याचं भांडं कलंडल्यासारखा आवाज झाला, आणि पाठोपाठ सुधीरचा एक सुस्कारा.

"सांडलं?" तिने विचारलं.

"सांडलं."

"ट्रेमधे का भुईवर?"

"भुईवर."

"मग घाबरू नको. खाली फडकं असंल, पायानं चाचप," ती म्हणाली. "ओलं पुसून घे आधी. आपण पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून धरू."